ज्याच्या मागे लिहिणारा होता: मराठवाड्यातल्या चित्रकारांची सामूहिक ऑनलाइन नोंद कशी करायची

एखादा चित्रकार गेला की महिन्याच्या आत त्याच्या घरी जाऊन यावं, हे मी अनुभवातून शिकलो. तेरावं होतं, पाहुणे आपापल्या गावी परततात आणि मग एखाद्या रविवारी मुलं माळा आवरायला घेतात. गुंडाळून ठेवलेली कागदावरची कामं, प्रदर्शनांच्या पत्रिका, पाठीमागे तारीख टाकलेले फोटो, विद्यार्थ्यांची पत्रं हे सगळं त्या एका दिवसात रद्दीच्या गाड्यावर जातं. घरच्यांच्या मनात काही वाईट नसतं. त्या कागदांची चौकशी करायला तोवर कुणी आलेलंच नसतं, इतकंच.

मी परभणीत चित्रकला शिकवतो. गेली काही वर्षं आम्ही चौघं मिळून आमच्या भागातल्या स्वातंत्र्यानंतरच्या दृश्यकलेची माहिती जमवतो, तपासतो आणि इंटरनेटवर सगळ्यांसाठी मांडतो. लातूर, बीड, हिंगोलीहून फोन येतात, "सर, आम्हालाही करायचंय, सुरुवात कुठून करू?" त्या सगळ्यांसाठी हे एकदाचं नीट लिहून काढतो आहे.

आधी एक जुनी गोष्ट. १९०९ ते १९११ या काळात दोन हिवाळे लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीने अजिंठ्यात मुक्काम करून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. त्यांच्या मदतीला कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्ता हे तरुण चित्रकार आले, आणि अजिंठा तेव्हा ज्या हैदराबाद संस्थानात होतं तिथून सय्यद अहमद आणि मोहम्मद फजलुद्दीन आले. काम सगळ्यांनी केलं. बोस आणि हालदार यांच्यावर आज ढीगभर मजकूर सापडतो. सय्यद अहमद पुढे अजिंठ्याच्या देखभालीचं काम पाहत होते, तरी त्यांच्यावर मराठीत एक सलग पान मिळणं मुश्किल. कलकत्त्याला मासिकं होती, टिपणं लिहिणारी आणि छापणारी मंडळी होती. आपल्याकडच्या हातांमागे तसं कुणी उभं नव्हतं. ही उणीव भरून काढता येते, आणि त्यासाठी मोठी संस्था लागत नाही.

पहिली पायरी: चार माणसं

एकट्याने हे काम सुरू होतं, पण टिकत नाही. माझ्या मते चौघं पुरेत: एक चित्रकला समजणारा, एक फोटो काढणारा, एक मराठी नीट लिहिणारा आणि एक शंका काढणारा. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. आमच्यात ते काम एका निवृत्त ग्रंथपालबाईंकडे आहे. "हे कुठून कळलं?" एवढा एकच प्रश्न त्या विचारतात, आणि त्या प्रश्नाने आमचे निम्मे मजकूर परत पाठवले आहेत. बाईंना मान द्या, राग धरू नका.

दुसरी पायरी: हद्द आखा

"मराठवाड्याची कला" असा विषय घ्याल तर वर्षभरात दमाल. एक तालुका घ्या किंवा एक शहर. काळही ठरवा. आम्ही १७ सप्टेंबर १९४८ ही सुरुवात धरली, म्हणजे निजामाचं राज्य संपून आपला भाग भारतात आला तो दिवस. मुंबईत १९४७ साली आधुनिक चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहत होता तेव्हा आपला भाग निजामाच्या राज्यात होता, रझाकारांच्या धामधुमीत होता. त्यामुळे मुंबईच्या कलेचा इतिहास जसाच्या तसा आपल्याला लावता येत नाही. १९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यात होतो. त्या पिढीतला एखादा चित्रकार मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या यादीत सापडला नाही तर हैदराबादकडे शोधा. त्याची प्रमाणपत्रं उर्दूत असण्याची शक्यता मोठी आहे.

कुणाला यादीत घ्यायचं यावर पहिल्याच बैठकीत वाद होईल. तो होऊ द्या. आमचा निर्णय असा झाला: प्रदर्शनं करणारा चित्रकार येईलच, पण शाळेतला ड्रॉइंग मास्तर, नाटकाचे पडदे रंगवणारा, सिनेमाचे बॅनर आणि दुकानांच्या पाट्या करणारा पेंटर, गणपती आणि पुतळे घडवणारा मूर्तिकार, चळवळीची पोस्टरं आणि जयंतीची कमान रंगवणारा कार्यकर्ता, नियतकालिकांची मुखपृष्ठं करणारा, हे सगळे येतील. छोट्या गावात ही कामं बहुतेक वेळा एकच माणूस करत असे. सकाळी शाळा, संध्याकाळी पाट्या, सुटीत स्वतःचं लँडस्केप. त्याचे तुकडे करून "खरी कला" वेगळी काढली तर तो माणूस कळत नाही.

बायकांसाठी वेगळा प्रश्न विचारावा लागतो. "तुमच्या घरात आणखी कोण चित्रं काढायचं?" असा. ए.टी.डी. (कलाशिक्षकाची पदविका) करून शाळेत तीस वर्षं शिकवलेल्या बाईंनाही "मी कसली चित्रकार" म्हणायची सवय असते, आणि कपाटात मात्र पाचपंचवीस जलरंग निघतात.

तिसरी पायरी: कामाची ओळ

सगळा डोलारा यावर उभा आहे. लेख, मुलाखत, मत नंतर. आधी प्रत्येक कामाची एक ओळ, गुगल शीटमध्ये. रकाने असे: चित्रकाराचं नाव, कामाचं शीर्षक, साल, माध्यम, माप, सही कुठे आणि कोणत्या लिपीत, सध्या कुणाकडे, माहिती कुणी दिली, कधी दिली, फोटोचा क्रमांक.

भरलेली ओळ अशी दिसते: "शीर्षक नाही (घरच्यांच्या बोलण्यात 'बाजाराचं चित्र'). १९७४ ते १९७८ दरम्यान. कागदावर जलरंग. ३६ × ५४ सेंमी. उजवीकडे खाली देवनागरी सही. खाजगी संग्रह, परभणी. माहिती: चित्रकाराची मुलगी."

यात तीन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. शीर्षक चित्रकाराने दिलेलं की घरच्यांच्या तोंडातलं, हा फरक ठेवला आहे. साल पक्कं नव्हतं तर दोन टोकं दिली आहेत. "अंदाजे १९७५" लिहिलं की पुढचा माणूस "अंदाजे" गाळतो आणि १९७५ तेवढं उरतं. आणि मापात उंची आधी, रुंदी नंतर, नेहमी सेंटिमीटरमध्ये. जुने चित्रकार इंचात सांगतात, तेव्हा २.५४ ने गुणा, पण शक्य असेल तिथे टेप लावूनच माप घ्या. फ्रेम सोडून.

माध्यमाचे शब्द सगळ्यांनी एकच वापरायचे, नाहीतर शोध लागत नाही. आम्ही तैलरंग, जलरंग, ॲक्रिलिक, पोस्टर कलर, शाई, चारकोल, मिश्र माध्यम, छापचित्र, भित्तिचित्र, उठावशिल्प, मांडणशिल्प (जागेत वस्तू मांडून केलेलं काम) अशी यादी भिंतीवर लावली आहे. शंका आली तर "कागदावर रंग, माध्यम तपासायचं आहे" असं सरळ लिहा.

गावांच्या नावांचाही नियम आधीच ठरवा. घटना घडली तेव्हा जे नाव होतं ते लिहायचं आणि पहिल्या उल्लेखात आजचं नाव जोडायचं, "औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर". उस्मानाबाद आणि धाराशिवचंही तसंच. १९८० च्या पत्रिकेवर छापलेलं नाव बदलू नये.

चौथी पायरी: कामाचा फोटो

महागडा कॅमेरा नको. बरा फोन आणि उजेड कळणारा माणूस हवा. चित्र ऊन न येणाऱ्या दारासमोर, भिंतीला टेकवून उभं करा. सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर. आपल्याकडे वैशाखात दुपारचा उजेड इतका पांढरा असतो की पिवळा रंग उडतो. फ्लॅश बंद. फोन चित्राच्या मध्याच्या उंचीवर आणि चित्राला समांतर धरा. झूम करू नका. काच असेल तर समोर काळी चादर धरून कुणाला तरी उभं करा, म्हणजे काचेत तुमचं प्रतिबिंब येत नाही. काच काढायचा आग्रह धरू नका, जुना पोस्टर कलर काचेला चिकटलेला असतो आणि काच काढताना रंगच सुटून येतो.

प्रत्येक कामाचे चार फोटो: पूर्ण चित्र, पट्टी शेजारी ठेवून पूर्ण चित्र, सहीचा जवळून, आणि पाठीमागची बाजू. पाठ विसरू नका. फ्रेमवाल्याच्या दुकानाचं लेबल, प्रदर्शनाची चिठ्ठी, खोडलेली किंमत, "राज्य कला प्रदर्शन"चा शिक्का, असं बरंच काही पाठीवर असतं. आम्हाला सालं मिळाली त्यातली अर्धी तरी तिथून मिळाली.

आजच्या तरुणांची कामं वेगळी असतात. मांडणशिल्प दोन दिवस उभं राहतं आणि तिसऱ्या दिवशी मोडतं. अशा वेळी जागा, तारीख, किती वेळ, कोणतं साहित्य (ज्वारीची ताटं, सुतळी, कापसाच्या गाठी, जे असेल ते), किती माणसं आत येऊ शकत होती, आवाज होता का, मोडल्यावर काय उरलं, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. कलाकाराचं स्वतःचं निवेदन वेगळं ठेवा आणि तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं वेगळं.

पाचवी पायरी: बोलणं

मला यातला सगळ्यात आवडता भाग हा. घाई केली की सगळ्यात जास्त नुकसानही इथंच होतं.

पहिल्या भेटीत रेकॉर्डिंग करू नका. चहा घ्या, चित्रं बघा, परत येण्याचा दिवस ठरवा. दुसऱ्या भेटीत दोन फोनवर एकाच वेळी रेकॉर्ड करा. एकाचा दगा ठरलेला. सुरुवातीला तारीख, ठिकाण, हजर असलेल्यांची नावं बोलून घ्या आणि "हे आम्ही लिहून सगळ्यांना वाचायला ठेवणार आहोत, चालेल ना?" हा प्रश्न आणि त्याचं उत्तर दोन्ही रेकॉर्डमध्ये येऊ द्या. कूलर बंद करायला सांगा. उन्हाळ्यात हे मागणं जड जातं, तर सकाळी लवकर जा.

"तुमच्यावर कुणाचा प्रभाव?" असे प्रश्न विचारले की छापील उत्तरं येतात. त्यापेक्षा हे विचारा: रंग कुठून आणायचात? ट्यूबची किंमत आठवते का? कागद परभणीत मिळायचा की हैदराबादहून यायचा? चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षेला कोणत्या गावी जावं लागलं? पहिलं चित्र कुणी विकत घेतलं? फ्लेक्स आला त्या वर्षी तुम्ही काय केलंत? या शेवटच्या प्रश्नावर एक पेंटर काका माझ्यासमोर बराच वेळ गप्प बसले होते. अशा गप्प बसण्यात आपण बोलू नये.

सालं कुणालाच आठवत नाहीत. मोठ्या घटना आठवतात. म्हणून आम्ही एक पंचांग बनवलं आहे, ते प्रत्येकाच्या वहीत चिकटवलेलं असतं. पोलीस ॲक्शन, सप्टेंबर १९४८. मराठवाडा मुंबई राज्यात आला, नोव्हेंबर १९५६. महाराष्ट्र झाला, १ मे १९६०. मोठा दुष्काळ आणि रोजगार हमीची खडी, १९७२. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव आणि दंगली, १९७८. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३. विद्यापीठाचा नामविस्तार, १४ जानेवारी १९९४. "हे चित्र दुष्काळाच्या आधीचं की नंतरचं? मुलगी तेव्हा झाली होती का?" असं विचारत गेलं की दोन-तीन वर्षांच्या आत साल सापडतं.

जुन्या कागदांवर फसली सन (निजामाच्या कारभारातली कालगणना) निघाला तर घाबरू नका. दख्खनच्या फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो, पण ते वर्ष जानेवारीला सुरू होत नसल्यामुळे एका वर्षाचा फरक राहतो. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. शके असेल तर ७८ मिळवा. नोंदीत मूळ सन आणि काढलेला इसवी सन दोन्ही द्या. उर्दू येत नसेल तर मशिदीजवळच्या किंवा उर्दू शाळेतल्या एखाद्या गुरुजींना विचारा. आम्हाला कुणी कधी नाही म्हटलेलं नाही, उलट कागद वाचता वाचता ते गुरुजीच आमच्या कामात सामील झाले.

उतरवून काढताना बोली सुधारू नका. "मी तवा बॅनर करायलो होतो, रात्रभर बसायलो" असं ते म्हणाले असतील तर तसंच लिहा. दखनीत, म्हणजे इकडच्या उर्दू बोलीत, बोलले असतील तर दखनी ठेवा आणि खाली मराठी अर्थ द्या. मात्र आपल्या स्वतःच्या वाक्यांत "रंगांचे जादूगार", "अष्टपैलू", "थोर" हे शब्द येऊ देऊ नका. गौरव अंकांनी या शब्दांतला जीव काढून टाकला आहे. समोर बसून आपण त्यांना सर, गुरुजी, काका म्हणतोच. नोंदीत पूर्ण नाव आणि क्रियापद आदरार्थी, एवढं पुरतं.

सहावी पायरी: कागद

बोलण्याला कागदाचा आधार शोधायचा. स्मरणिका, शाळा-कॉलेजांची वार्षिकं, दिवाळी अंक, प्रदर्शनांच्या पत्रिका, वृत्तपत्रांची कात्रणं. अनंत भालेरावांच्या काळातला दैनिक मराठवाडा, मराठवाडा साहित्य परिषदेचं प्रतिष्ठान, गंगाधर पानतावणे यांचं अस्मितादर्श, यांचे जुने अंक जिल्ह्याच्या ग्रंथालयात किंवा एखाद्या प्राध्यापकाच्या घरी सापडतात. लेख सगळेच वाचतात. तुम्ही मुखपृष्ठ आणि आतली रेखाटनं कुणाची, ते बघा. श्रेयाची ओळ बारीक अक्षरात पहिल्या किंवा शेवटच्या पानावर असते. आपल्याकडच्या साहित्य चळवळींची चित्रकला या मुखपृष्ठांवर पसरलेली आहे आणि तिची यादी करायला फारसं कुणी बसलेलं नाही.

कात्रणाचा फोटो घेताना वर्तमानपत्राचं नाव, तारीख आणि पान क्रमांक त्याच फोटोत यायला हवा. तारीख कापलेलं कात्रण नंतर कुठेच जोडता येत नाही. छापील मजकूर फोनमधल्या गुगल लेन्सने उचलता येतो, पण जोडाक्षरं आणि ऱ्हस्व-दीर्घ डोळ्यांनी तपासावे लागतात. चित्रकाराच्या मुलाने संगणकावरची फाइल दिली आणि ती उघडल्यावर विचित्र अक्षरं दिसली तर ती श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असणार. फॉन्ट बदलून देणारी साधनं नेटवर मोफत आहेत, ती वापरून युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखी दिसणारी अक्षरं, करून घ्या. युनिकोडमध्ये नसलेला मराठी मजकूर शोधात येतच नाही.

आमची एक चूक सांगतो. एका चित्रकाराच्या पहिल्या प्रदर्शनाचं साल आम्ही त्यांच्या भावाच्या आठवणीवरून लिहिलं आणि आधार न नोंदवता प्रसिद्ध केलं. दोन वर्षांनी ते एका स्मरणिकेत छापून आलं. आम्ही ती स्मरणिका पाहून खूश झालो, की चला, आता आधार मिळाला. ग्रंथपालबाईंनी विचारलं, स्मरणिकेला कुठून मिळालं? आमच्याकडूनच मिळालं होतं. पुढे मूळ पत्रिका सापडली तेव्हा साल चुकलेलं निघालं. तेव्हापासून "माहिती कुणी दिली" हा रकाना रिकामा असेल तर ओळ बाहेर जात नाही.

सातवी पायरी: हक्क आणि परवानगी

"चित्र आमच्या घरी आहे, आम्ही परवानगी देतो" हे वाक्य फार वेळा ऐकू येईल. चित्र विकत घेतलं म्हणून त्याचे प्रसिद्धीचे हक्क मिळत नाहीत. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याप्रमाणे हे हक्क चित्रकाराकडे असतात, आणि तो गेल्यावर वारसांकडे, मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं. एक अपवाद लक्षात ठेवा: कुणी पैसे देऊन व्यक्तिचित्र किंवा चित्र करवून घेतलं असेल आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर पहिला हक्क करवून घेणाऱ्याकडे जातो. शाळेच्या सभागृहातली संस्थापकांची व्यक्तिचित्रं बहुधा यात बसतात.

हिशेब करून बघू. असितकुमार हालदार १९६४ मध्ये गेले. त्यांची कामं १ जानेवारी २०२५ पासून सगळ्यांसाठी खुली. नंदलाल बोस १९६६ मध्ये गेले. त्यांची मुदत ३१ डिसेंबर २०२६ ला संपते. मकबूल फिदा हुसेन २०११ मध्ये गेले, म्हणजे २०७१ अखेरपर्यंत थांबणं आलं. आपल्या गावातल्या चित्रकारांचे हक्क बहुतेक सगळे अजून चालू आहेत, म्हणून लेखी परवानगी घ्यायचीच.

चौकातल्या पुतळ्याचं वेगळं आहे. सार्वजनिक जागी कायमचं बसवलेलं शिल्प असेल तर त्याचा फोटो काढून प्रसिद्ध करायला कायद्यात मुभा आहे. रंगवलेल्या भिंतीला ती सवलत नाही. बसस्टँडच्या भिंतीवरचं चित्र तरुण पोरांनी गेल्या वर्षी रंगवलं असेल, तर त्या पोरांना विचारा.

परवानगीचा कागद आम्ही असा करतो: "मी (नाव), (चित्रकाराचं नाव) यांचा/यांची (नातं) व कायदेशीर वारस, सोबतच्या यादीतील (संख्या) कामांचे फोटो अभ्यास व माहितीसाठी, श्रेयासह, आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करण्यास संमती देतो/देते. इतर कोणत्याही वापरासाठी मला पुन्हा विचारावे. ही संमती मी लेखी कळवून मागे घेऊ शकतो/शकते." खाली सही, तारीख, गाव. तीन भावंडं असतील तर तिघांच्या सह्या. यात टाळाटाळ केली तर वर्षभराने धाकट्या भावाचा फोन येतो आणि सगळं उतरवावं लागतं.

आठवी पायरी: कुठे मांडायचं

दोन घरं लागतात आणि दोन्ही घरांच्या रीती वेगळ्या आहेत.

पहिलं घर तुमचं स्वतःचं संकेतस्थळ. मुलाखती, कामांच्या ओळी, परवानगीने मिळालेले फोटो इथे. साधं ठेवा, तालुक्यात नेटवर्क जेमतेम असतं, पान जड झालं की उघडत नाही. प्रत्येक पानावर लिहिणाऱ्यांची नावं, पहिल्यांदा प्रसिद्ध केल्याची तारीख आणि शेवटच्या दुरुस्तीची तारीख.

दुसरं घर विकिपीडिया. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला आणि कुणालाही त्यात लिहिता येतं. पण तिथे आपण स्वतः मिळवलेली नवी माहिती चालत नाही. आधी कुठेतरी विश्वासार्ह ठिकाणी छापून आलेलीच माहिती, संदर्भासह आणि स्वतःच्या शब्दांत लिहायची. बातमी उचलून चिकटवली तर उडवतात, आणि ते बरोबरच आहे. आपल्या संकेतस्थळावरची मुलाखत तिथे भक्कम आधार मानली जाईलच असं नाही. म्हणून आम्ही एक वाट काढली: मुलाखतीतला गाभा आधी एखाद्या दिवाळी अंकाला, वृत्तपत्राच्या पुरवणीला किंवा महाविद्यालयाच्या वार्षिकाला देतो. तिथल्या संपादकाच्या हाताखालून तो मजकूर जातो, छापून येतो, आणि मग संदर्भ म्हणून उभा राहू शकतो. वेळ लागतो. लागू द्या.

विकिपीडियावर थेट लेख करू नका. खातं उघडा, आपल्या धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) मसुदा लिहा, चौघांनी वाचा, मग हलवा. अडलं तर चावडीवर, म्हणजे तिथल्या सामायिक चर्चेच्या पानावर, विचारा. चित्रकाराच्या मुलाने वडिलांचं पान स्वतः लिहू नये. त्याने चर्चा पानावर कागद दाखवावेत आणि लिहिणं दुसऱ्याने करावं. ज्याच्यावर स्वतंत्र लिहिलं गेलेलं फारच थोडं आहे त्याचं वेगळं पान टिकणार नाही. त्याचं नाव गावाच्या पानात, शाळेच्या पानात, संदर्भासह एका वाक्यात येऊ शकतं. ते एक वाक्यही मोलाचं आहे.

फोटोंसाठी विकिमीडिया कॉमन्स हा विकिपीडियाच्या सोबतचा खुला साठा आहे, पण तिथे टाकलेलं चित्र कुणीही, अगदी कॅलेंडर छापून विकायलाही वापरू शकतो. हे चित्रकाराला स्पष्ट शब्दांत सांगा. न सांगता सही घेणं म्हणजे फसवणूक. आमचा सल्ला असा असतो की कामं कॉमन्सवर घाईने देऊ नका. चित्रकाराचा स्वतःचा, स्टुडिओत बसलेला फोटो मात्र द्यावा. तो तुम्ही काढलेला असेल तर हक्क तुमचा, आणि तुम्ही तो खुला करू शकता, त्यांना विचारून. भिंतीवरची कामं त्यात ठळक येणार नाहीत असा कोन धरा. एखाद्याला आपलं एखादं काम खुलं करायचंच असेल, तर त्याने स्वतःच्या ईमेलवरून कॉमन्सच्या परवानगी पाहणाऱ्या स्वयंसेवकांना तसं कळवावं लागतं.

नववी पायरी: एकत्र लिहिताना

गुगल डॉकमध्ये सगळ्यांनी एकदम लिहिलं की गोंधळ होतो. आमच्याकडे प्रत्येक लेखाचा एक मालक असतो. बाकीचे फक्त "सुचवणे" वापरतात, मजकुराला हात लावत नाहीत. मालकाने प्रत्येक सूचना स्वीकारायची किंवा कारण देऊन नाकारायची. दोघांत मिटलं नाही तर दोन्ही बाजू लेखात येतात: "घरच्यांच्या म्हणण्यानुसार हे चित्र १९७१ चं आहे, मागच्या चिठ्ठीवर १९७३ आहे." वाचणारा समजदार असतो, त्याला दोन्ही झेपतात.

चित्राबद्दल लिहिताना आधी दिसतं ते लिहा. डावीकडे काय, उजेड कुठून, आकृती किती, रंग किती, ब्रश सपाट की ओढलेला. हे नीट लिहिल्यावर मत द्यावंसं वाटलं तर खाली स्वतःच्या नावाने द्या. मी विद्यार्थ्यांना एका चित्रासमोर दहा मिनिटं नुसतं बसवतो आणि मगच पेन देतो.

दहावी पायरी: जपणूक

पुन्हा अजिंठा. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून वर्षानुवर्षं लेण्यांत राहून मोठाल्या प्रतिकृती केल्या. त्या लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या होत्या, आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतले विद्यार्थी घेऊन १८७२ ते १८८५ पुन्हा सगळं काम केलं. त्यातल्याही बऱ्याच प्रती लंडनमध्येच, १८८५ च्या आगीत गेल्या. दोन्ही वेळा बराचसा साठा एका छताखाली होता.

आमची व्यवस्था अशी. मूळ फोटो आणि रेकॉर्डिंग एका हार्ड डिस्कवर परभणीत, दुसरी तशीच डिस्क नांदेडला एका मैत्रिणीकडे, तिसरी प्रत ऑनलाइन साठ्यात. संकेतस्थळाचं प्रत्येक नवं पान इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये (जुनी संकेतस्थळं साठवणाऱ्या मोफत जागेत) जतन करून ठेवतो, कारण डोमेनचे पैसे भरणाऱ्याचा फोन नंबर बदलला आणि आठवणीचा संदेश पोचला नाही, एवढ्यावरून आख्खं संकेतस्थळ बंद पडू शकतं. पासवर्ड दोघांकडे, एक घरातला आणि एक घराबाहेरचा. शीटची छापील प्रत वर्षातून एकदा काढून गावच्या ग्रंथालयात देतो, आणि ज्या घरातून माहिती मिळाली तिथे त्या चित्रकाराचं पान छापून नेऊन देतो. ते पान वाचून घरची माणसं हमखास एखादी चूक दाखवतात आणि बऱ्याचदा आणखी एक पेटी उघडतात.

दरवर्षी १७ सप्टेंबरला, सकाळचं झेंडावंदन झाल्यावर, आम्ही चौघं दोन्ही डिस्क समोर ठेवून बसतो. कुठलेही वीस फोटो आणि दोन रेकॉर्डिंग उघडून बघतो. उघडलं नाही ते त्याच दिवशी दुसऱ्या प्रतीतून भरून घेतो, आणि शीटवर तारीख टाकून सही करतो.